दुसरं मत

सप्टेंबर संपत आला की आमच्या गावात दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात. मेपलची पानं कडेकडेने लाल व्हायला लागतात आणि लोकांच्या हिरवळीवर निवडणुकीच्या पाट्या उगवतात. तारेच्या दोन पायांवर उभ्या केलेल्या, हलक्या प्लॅस्टिकच्या पाट्या. कोण कधी येऊन खोचून जातं दिसत नाही. सकाळी चालायला बाहेर पडावं तर कालपर्यंत मोकळ्या असलेल्या अंगणात कुणाचं तरी नाव उभं असतं. वारा सुटला की त्या थरथरतात. त्यांचा तो पातळ आवाज मला आता पानांच्या आवाजाइतकाच ओळखीचा झालाय.

यंदाही पाट्या लागल्या. निळ्या लागल्या, लाल लागल्या. मेधाच्या नावाची नाही लागली.

मेधा माझी बायको. गेली तीन वर्षं ती आमच्या टाऊनशिपच्या कमिटीवर, म्हणजे गावचा कारभार बघणाऱ्या मंडळावर आहे. या डिसेंबरात तिची मुदत संपते आणि पुन्हा उभं राहायचं नाही असं तिने उन्हाळ्यातच सांगून टाकलं. दुकानात, पार्किंगमध्ये लोक विचारतात, "अरे, वहिनी का नाही उभ्या या वेळी?" मी म्हणतो, "दमली." ते खोटं नाही. पण या दिवसांत, संध्याकाळ लवकर उतरायला लागली आणि हवेत लाकडाच्या धुराचा वास आला, की आम्ही दोघंही तीन वर्षांपूर्वीच्या त्या फॉलमध्ये जाऊन उभे राहतो. बोलत नाही त्यावर. पण एकाच जागी उभे असतो हे दोघांनाही कळतं.

इथे आम्ही सगळेच त्याला फॉल म्हणतो. शरद ऋतू म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पुण्याचं धुतलेलं आकाश येतं, आणि मेधाच्या डोळ्यांपुढे नागपूरच्या संत्र्यांच्या गाड्या. इथल्या फॉलला या दोन्हींपैकी काहीच नाही. याला सफरचंदांचा वास आहे. निदान तेव्हा होता.

शाळेच्या मागे सफरचंदांची मोठी बाग होती. आमची इरा लहान असताना तिथे टोपली घेऊन जायचं, आपल्या हाताने फळं तोडायची, वजन करून पैसे द्यायचे. झाडांखाली पडलेली फळं उन्हात आंबत असायची, त्यांच्यावर गांधीलमाश्या घोंघावायच्या आणि पलीकडच्या शेडमध्ये सफरचंदाच्या रसात भिजवलेल्या पिठाचे डोनट तळत असायचे. तो आंबट, गोड, तेलकट वास इराच्या स्वेटरला चार दिवस चिकटून राहायचा. आयसेलिनला, आपल्या दुकानांनी आणि हॉटेलांनी भरलेल्या ओक ट्री रोडवर गेल्यावर गाडीच्या काचा खाली केल्या की जसं आधी नाकाला कळतं आपण कुठे आलो ते, तसं आमच्या गावात शिरताना त्या बागेमुळे कळायचं.

बागेचा म्हातारा मालक गेला आणि त्याच्या मुलांनी जमीन विकायला काढली. एका कंपनीला तिथे गोदाम बांधायचं होतं. साधंसुधं नाही, शाळेच्या पाठीला पाठ लावून, चोवीस तास ट्रक ये-जा करतील असं. त्यासाठी जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी टाऊनशिप कमिटीने द्यायची होती. कमिटीत पाच माणसं. इथल्या दोन मोठ्या पक्षांपैकी काही निळ्या पक्षाची, काही लाल पक्षाची. एरवी ती माणसं एकमेकांचं तोंड बघत नसत, पण गोदामाच्या बाबतीत पाचांतल्या चौघांचं एकमत होतं. गावाला टॅक्स मिळेल, लोकांचा थोडा वाचेल. एकच सभासद बाई विरोधात होती.

वसंतात त्यावर जाहीर सभा झाली. इथे अशा सभेत कुणालाही उठून तीन मिनिटं बोलता येतं. मेधा बोलली. शाळा सुटायच्या वेळी त्या अरुंद रस्त्यावरून ट्रक जायला लागले तर काय होईल, ते तिने सांगितलं. तिच्यानंतर वॉल्टर उठले.

वॉल्टर आमच्या गावचे निवृत्त दंतवैद्य. सत्तरी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारे. आयुष्यभर लाल पक्षाचे. गावच्या त्यांच्या शाखेचे एके काळचे अध्यक्षच. मेधा निळ्या पक्षाची, नागरिकत्व मिळाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात नाव नोंदवून आलेली. लायब्ररीच्या बजेटवरून ही दोघं पूर्वी भर सभेत भांडली होती, इतकी की अध्यक्षांना मधे पडावं लागलं होतं. त्या दिवशी मात्र वॉल्टर जे बोलले ते ऐकून मेधा वळून बघतच राहिली. घरी येताना गाडीत म्हणाली, "तो दातवाला माझंच भाषण बोलला रे. माझ्यापेक्षा बरं."

त्यानंतर निळ्या पक्षाचे लोक तिच्याकडे आले. नोव्हेंबरात कमिटीच्या दोन जागा रिकाम्या होणार होत्या. तू उभी राहा, म्हणाले, आमच्या तिकिटावर. फक्त गोदामाबद्दल जरा सबुरीने घे. मेधाने त्यांना चहा दिला, पोहे दिले आणि नकार दिला. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी अपक्ष उभी राहते. दोन जागा आहेत, जोडीदार लागेल."

"जोडीदार कोण?"

"वॉल्टर."

मला हसूच आलं. "अगं, ते लाल आहेत."

"म्हणून तर. मी एकटी बोलले तर निळी बाई बोलते म्हणतील. आम्ही दोघं मिळून बोललो तर ऐकावं लागेल."

तिच्याबरोबर मीही गेलो होतो त्यांच्या घरी. ते सगळं संभाषण इंग्रजीत झालं, पण का कोण जाणे, आठवणीत मला ते मराठीत ऐकू येतं. आठवणीत मेधा त्यांना तुम्ही म्हणते आणि ते तिला तू म्हणतात. त्यांची बायको कॅरल, पियानो शिकवायच्या त्या. स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून शेंगा सोलत होत्या. वॉल्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी जन्मात कधी तुमच्या पक्षाला मत दिलेलं नाही."

"मीही तुमच्या पक्षाला नाही," मेधा म्हणाली.

"चला, भांडण बरोबरीत सुटलं," कॅरल म्हणाल्या. "कॉफी कोण कोण घेणार?"

कॉफी येईपर्यंत वॉल्टर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पण मीच का?"

"लायब्ररीच्या भांडणात तुम्ही जे आकडे सांगितलेत, ते मी घरी जाऊन तपासले. तुमचे बरोबर होते. माझे चुकले होते."

ते इतके मोठ्याने हसले की बाहेर त्यांचा कुत्रा भुंकायला लागला. त्यांनी अटी घातल्या. अपक्ष उभा राहीन, पण पक्ष सोडणार नाही. घरावरचा झेंडा उतरवणार नाही. वॉशिंग्टनमध्ये काय चाललंय यावर गाडीत एक शब्द बोलायचा नाही. मेधाची अट एकच होती. प्रत्येक दारात दोघांनी बरोबर जायचं. एकट्याने कुणीही नाही.

इरा तेव्हा नुकतीच नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला गेली होती. फोनवर ती चिडलीच. "आई, आर यू सीरियस? त्यांची पार्टी आपल्यासारख्या लोकांबद्दल काय बोलते, यू नो दॅट, राइट?"

"माहितीये."

"देन हाऊ कॅन यू स्टँड नेक्स्ट टू हिम?"

"पार्टी काय बोलते ते मला माहितीये, इरा. वॉल्टर काय बोलतात तेही माहितीये. मी वॉल्टरच्या शेजारी उभी राहतेय."

"इट्स नॉट दॅट सिंपल, आई."

मेधा म्हणाली, "नाहीच आहे." इराचं म्हणणं तिला पटत नव्हतं असं नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती ओट्यावरचा एकच डाग पुसत राहिली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉल्टरांची जुनी गाडी आमच्या दारात आली तेव्हा ती बूट घालून तयार होती.

पाट्यांचा रंग ठरवताना त्यांचं पहिलं भांडण झालं. लाल आणि निळा मिसळून जांभळा करू या, असं मेधाने सुचवलं. वॉल्टर म्हणाले, "मार लागल्यावर कातडी अशी दिसते." शेवटी हिरवा ठरला. वर दोघांची नावं, सारख्या आकाराची, आणि खाली दोनच शब्द, आधी गाव.

त्या फॉलमधल्या संध्याकाळी मला आजही सुट्या सुट्या दिसतात. पानांचा कचरा तुडवत चाललेली दोघं. वॉल्टरांची लांब ढांग आणि त्यांना गाठायला भरभर चालणारी मेधा. भुताखेतांच्या सणासाठी पायऱ्यांवर मांडलेले भोपळे, कुंपणाला अडकवलेले कापडी सांगाडे, कुणाच्या तरी घरातून येणारा दालचिनीचा वास. दार उघडलं की वॉल्टर नावाआधी दात ओळखायचे. "तुझी खालची डावी दाढ कशी आहे?" असं विचारल्यावर माणूस दार लावून कसा घेईल? लोक हसायचे, तोंड उघडून दाखवायचे, मग मेधा कागद पुढे करून गोदामाचा नकाशा समजावून सांगायची.

आपल्या लोकांच्या घरी उलट व्हायचं. तिथे मेधा पुढे. बूट काढायचे म्हटल्यावर वॉल्टर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून त्या लांबलचक लेस सोडत राहायचे. पहिल्यांदा त्यांच्या मोज्याला भोक होतं. दुसऱ्या दिवसापासून कोरे मोजे. चिवडा त्यांना इतका आवडला की सुचेताकाकूंनी डबाच भरून दिला आणि ते पुढच्या तीन घरी गाडीतून उतरायच्या आधी एक मूठ तोंडात टाकत होते. "यात कोणता मसाला आहे, जो थांबूच देत नाही?" ते विचारायचे.

पण सगळी दारं अशी नव्हती. त्यांच्या एका जुन्या मित्राने दार उघडलं, मेधाकडे बघितलं, मग वॉल्टरांकडे. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, वॉल्ट," एवढंच म्हणाला आणि दार लावलं. वॉल्टर तिथेच उभे राहिले. मी रस्त्यावर गाडीपाशी होतो. मेधाने त्यांच्या कोपराला हात लावला तेव्हा कुठे ते वळले. शनिवारी सकाळी डायनरमध्ये त्यांचं एक टेबल ठरलेलं असायचं. कित्येक वर्षांचे पाच-सहा दोस्त, तीच अंडी, तीच कॉफी. ऑक्टोबरच्या एका शनिवारी ते गेले तर त्यांच्या खुर्चीवर कोट टाकलेले होते. कुणी उचलले नाहीत. त्यांनी कॉफी काउंटरला उभ्याने घेतली आणि घरी आले. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. कॅरलनी मेधाला सांगितलं.

मेधालाही किंमत पडली, पण तुलनेने थोडी. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने जेवायला बरोबर बसणं सोडलं. निळ्या पक्षाच्या लोकांनी तिला मेल पाठवायचं थांबवलं. तिच्या मागे मात्र आमचं सगळं मराठी गोकुळ उभं होतं. तिचं टेबल कधी रिकामं झालं नाही.

दसरा त्या वर्षी निवडणुकीच्या जरा आधी आला. प्रदीपच्या घरी सगळे जमलो होतो. प्रदीप माझा इथला सगळ्यांत जुना मित्र, मुंबईचा, माणसं जमवायची भारी हौस. गावात कुणाचं मूल आजारी पडलं तर पहिला फोन प्रदीपला जातो. दुपारचं ऊन होतं. बेसमेंटमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, वर स्वयंपाकघरात श्रीखंड आणि बटाट्याची भाजी. आपट्याची पानं इथे कुठली, म्हणून दरवर्षी आम्ही आमच्या अंगणातल्या रेडबडची पानं वाटतो. त्याच घराण्यातलं झाड आहे. ऑक्टोबरात त्याची हृदयाच्या आकाराची पानं पिवळीधमक होतात, आपट्यापेक्षाही खरं सोनं दिसतात. वॉल्टर आणि कॅरल आले. कॅरल मांडी घालून खाली बसल्या, लहान मुलींशी बोलत राहिल्या, प्रत्येकीचं नाव दोनदा विचारून नीट उच्चारायला शिकल्या. सगळ्यांनी वॉल्टरांच्या हातात पानं ठेवली. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." मेधाने अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी ती पानं शर्टाच्या खिशात सपाट ठेवली आणि बटण लावलं.

मग ते उभे राहून थोडंसं बोलले. "तुम्ही दोन मतं देऊ शकता," म्हणाले. "एक मेधाला द्या. दुसरं मला दिलंत तर मी आभारी राहीन. आम्ही दोघं मिळूनच उपयोगाचे आहोत."

टाळ्या पडल्या. प्रदीपने त्यांना मिठी मारली. "वॉल्टर, डोंट वरी! वुई आर ऑल विथ यू." मुलांनी फोटो काढले. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना मत नव्हतंच, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे असलेले ते. पण ज्यांना होतं ते सगळे हसत होते, माना डोलावत होते. मला त्या दुपारी वाटलं होतं, आपण या देशात आल्याचं सार्थक झालं. असं वाटण्याचा मला पुढे फार त्रास झाला.

मतमोजणीच्या पहिल्या संध्याकाळी दोघंही पुढे होते. मेधा पहिली, वॉल्टर दुसरे. पण इथे टपालाने आलेली मतं मागाहून मोजतात. आपल्यातल्या बहुतेकांनी घरबसल्या टपालानेच मतं दिली होती. ती जसजशी मोजली गेली तसतशी मेधा आणखी वर गेली आणि वॉल्टर जागच्या जागी राहिले. गोदामाच्या बाजूचा एक उमेदवार हळूहळू त्यांच्या पुढे सरकला. त्या आठवड्याच्या शेवटी, भर दुपारी, निकाल लागला. मेधा निवडून आली. वॉल्टर पडले. दसऱ्याला त्या बेसमेंटमध्ये जेवायला बसलेल्या माणसांपेक्षाही कमी मतांनी.

पहिला फोन त्यांचाच. "अभिनंदन! आता एकटीने खिंड लढव. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन." मेधाला रडू आलं. "रडू नकोस," ते म्हणाले, "कमिटीच्या मेंबरला शोभत नाही."

आमच्याकडे सगळे पेढे घेऊन आले. घर भरून गेलं. आमच्या गावातली कमिटीवरची पहिली भारतीय, पहिली मराठी बाई. प्रदीप ढोल वाजवायचा तेवढा बाकी होता. मेधा हसत होती, पण म्हणाली, "वॉल्टर असते तर खरं. कसे पडले कळत नाही. त्यांच्या बाजूच्या इतक्या लोकांनी मला मत दिलं, त्यांना आपल्या बाजूची कमी कशी पडली?"

प्रदीपने पेढा खाता खाता सहज सांगितलं. "अहो वहिनी, ते आम्ही बघितलं. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, फक्त वहिनींना द्यायचं, दुसरं मत कोरं सोडायचं."

मेधाने वळून बघितलं. "कोरं?"

"सिंपल मॅथ आहे यार. दुसरं मत त्यांना दिलं असतं आणि तेच तुमच्या पुढे गेले असते तर? आपली बाई आधी आली पाहिजे. आणि शेवटी माणूस कितीही चांगला असला तरी त्यांच्या पार्टीचाच ना."

"प्रदीप," मेधा म्हणाली, "त्यांच्या लोकांनी मला मत दिलं."

"म्हणजे आपलं मॅथ बरोबरच आलं!"

तो खरंच आनंदाने म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. मेधाने हातातला पेढा बशीत ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. नळ सुरू करून ती सिंकपाशी उभी होती. धुवायला काहीच नव्हतं.

प्रदीपवर रागावणं मला जमलं असतं तर बरं झालं असतं. पण मला त्याचं मन दिसतं. वीस वर्षं तो व्हिसाच्या रांगेत होता. दोनदा नोकरी गेली तेव्हा देश सोडायची तारीख कॅलेंडरवर मांडून बसला होता. टीव्हीवर कुणी तरी रोज म्हणायचं, या लोकांना परत पाठवा, आणि म्हणणाऱ्याच्या टायचा रंग लाल असायचा. मग एक दिवस त्याच्या हातात मत आलं. इतकं जपून मिळवलेलं मत एका उंच, गोऱ्या, लाल पक्षाच्या माणसाला देताना त्याचा हात थांबला. इराही माझ्याशी बोलताना हेच म्हणाली, "बाबा, आय गेट व्हाय प्रदीपकाका डिड इट." मलाही समजतं. समजण्याने दुखायचं थांबत नाही, इतकंच.

जानेवारीत मेधाने शपथ घेतली. कॅरलनी तिचा फोटो काढला, वॉल्टर मागच्या रांगेत बसले होते. सुरुवातीला दर सभेला यायचे. मार्चमध्ये गोदामाचा ठराव मताला आला. मेधा आणि ती एकटी सभासद बाई विरोधात, तिघं बाजूने. वॉल्टरांनी आपली तीन मिनिटं घेतली, शांतपणे बोलले, खाली बसले. तीन विरुद्ध दोन. त्या पाच खुर्च्यांकडे बघताना प्रत्येकाला दिसत होतं की एक माणूस बदलला असता तर हे आकडे उलटे झाले असते. सभा संपल्यावर पार्किंगमध्ये मेधा त्यांना म्हणाली, "मला माफ करा." ते म्हणाले, "तू कशाबद्दल? तू तर मत दिलंस." तिला सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण ते गाडीचं दार उघडून बसले, आणि तो क्षण तिथेच राहून गेला.

उन्हाळ्यात बाग तोडली. करवतींचा आवाज शाळेपर्यंत यायचा. आज तिथे खिडक्या नसलेल्या राखाडी भिंती आहेत. आता गावात शिरताना नाकाला डिझेल कळतं.

वॉल्टर आणि आमच्यात काही बिनसलं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. सभांना येणं कमी झालं, मग बंद. आम्ही बोलावलं की काही तरी निमित्त निघायचं. नाताळात कार्ड यायचं, दिवाळीत मेधा फराळ नेऊन द्यायची, दारातच दोन शब्द व्हायचे. पक्षाच्या शाखेने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. शनिवारच्या टेबलावर ते परत गेले नाहीत. शेजारच्या गावातल्या डायनरमध्ये एकटे वर्तमानपत्र वाचत बसलेले मी त्यांना एकदा बघितलं. समोरची खुर्ची रिकामी होती. मी जाऊन बसलोही. आम्ही हवेबद्दल बोललो, बर्फ लवकर पडेल का त्याबद्दल. मेधाचं कसं चाललंय ते त्यांनी तीनदा विचारलं.

कधी कधी मला वाटतं, तिने त्यांच्या दारात जायलाच नको होतं. ते आपले त्यांच्या माणसांत राहिले असते, शनिवारची अंडी खात. गोदाम तर तसंही झालंच. हे मी एकदा मेधाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मी पुन्हा त्यांनाच विचारेन. पण पुन्हा आपल्या माणसांना गृहीत धरणार नाही." आणि यंदा उभी राहिली नाही. पुन्हा कुणाचा तरी हात धरून दारोदार न्यायचं, आणि मग आपलीच माणसं पेढे घेऊन येणार. ते तिला सोसलं नसतं.

गेल्या शनिवारी वॉल्टरांच्या अंगणात सामान विकायला मांडलेलं दिसलं. टेबलं, दिवे, पियानोचं स्टूल. घर विकलं होतं. दक्षिणेकडे मुलीजवळ राहायला निघाले होते. मेधाने मला गाडी थांबवायला लावली. ते एका खुर्चीवर बसून पुस्तकांना दोरी बांधत होते. आम्हाला बघून उठले, तसेच किंचित वाकून. आम्हीही दोरी बांधायला बसलो. समोरच्या ओकची पानं एकेक करून पुस्तकांवर पडत होती.

मग वॉल्टर म्हणाले, "मेधा, एक विचारायचं राहिलं. त्या वेळी तुमच्या लोकांना कळलं नव्हतं का, की दोन मतं देता येतात? मी कॅरलला तसंच सांगितलंय. नवीन माणसं आहेत, मतपत्रिका नीट समजली नसेल. माझंच चुकलं. त्या दिवशी एक नमुना नेऊन दाखवायला हवा होता."

तीन वर्षं ते स्वतःला दोष देत होते. मी मेधाकडे बघितलं. हो म्हणणं किती सोपं होतं. म्हातारा माणूस समाधानाने गाव सोडून गेला असता.

"नाही, वॉल्टर," ती म्हणाली. "त्यांना माहीत होतं."

त्यांच्या हातातली दोरी थांबली. तिच्याकडे ते बघत राहिले, मग त्यांनी मान हलवली, एकदाच, हळू. गाठ पक्की केली. घराचं जाळीचं दार वाजलं. कॅरल ट्रे घेऊन पायऱ्या उतरत होत्या.

"तिला सांगू नकोस," वॉल्टर खालच्या आवाजात म्हणाले. "तिला तुमची माणसं फार आवडतात."

कॅरलनी ट्रे टेबलावर ठेवला आणि मेधाला जवळ घेतलं. त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. इराची, सुचेताकाकूंची, आणि त्या दुपारी भेटलेल्या मुलींची, एकेकीचं नाव घेऊन, एकही उच्चार न चुकता. "आणि प्रदीप कसा आहे? किती प्रेमळ माणूस."

"मजेत आहे," मेधा म्हणाली. "सगळे तुमची आठवण काढतात."